पोलिसांनी हात दाखवल्यावर गाडी पळवली, तर पुढे काय होतं? आणि त्या क्षणी काय करावं?

नाकाबंदी दिसली की पोटात गोळा येतो, त्याची कारणं बहुधा साधी असतात. लायसन्स घरी राहिलेलं असतं, विमा संपलेला असतो, डोक्यावर हेल्मेट नसतं किंवा दोन पेग झालेले असतात. या प्रत्येकाची शिक्षा कायद्यात ठरलेली आहे. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. लायसन्स काढलेलंच नसल्यास ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. अशी बहुतेक प्रकरणं दंड भरून मिटतात. पळून गेल्यावर काय काय अंगावर येईल, हे मात्र आधी कोणी सांगू शकत नाही. ते पुढच्या काही मिनिटांत तुम्ही गाडी कशी चालवता त्यावर ठरतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘पोलिसांपासून पळणे’ असं एकच कलम नाही. अनेक कलमं एकमेकांवर चढत जातात आणि त्यातली शेवटची फार जड असतात. म्हणून थांबण्यापासूनच सुरुवात करू.

१. थांबा

इंडिकेटर द्या, वेग कमी करा, गाडी डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. रात्र असेल तर आतला दिवा लावा आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन्स दाखवणं कलम १३० नुसार बंधनकारक आहे. कागद जवळ नसतील तर फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडा. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला, तेव्हापासून तिथली कागदपत्रं मुळाप्रमाणेच ग्राह्य धरली जातात. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही.

निर्मनुष्य रस्त्यावर साध्या कपड्यातला कोणी हात दाखवत असेल आणि तो पोलीस आहे की नाही अशी शंका आली, तर घाबरून वेग वाढवू नका. पार्किंग लाइट लावा, सावकाश चालवा, ११२ वर फोन करून कुठे आहात ते सांगा आणि उजेडातल्या पेट्रोल पंपावर किंवा सरळ पोलीस चौकीत गाडी न्या. बॅरिकेड लावून गणवेशातले पोलीस उभे असतील तर मात्र ही सबब टिकणार नाही.

२. प्यायला असाल तरी थांबाच

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये, किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. प्रकरण वाईटच आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. जामीन मिळतो, दंड भरला जातो आणि कोणाचा जीव गेलेला नसतो.

ब्रेथ ॲनालायझरला नकार देऊन सुटका होत नाही. कलम २०५ नुसार योग्य कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात तुमच्याच विरोधात वापरता येतो. कलम १८५ खाली अटक केल्यावर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. हे संरक्षण थांबलेल्या माणसाला मिळतं. नशेत बॅरिकेड चुकवणारा माणूस हातात काय घेऊन चालला आहे, याचा विचार कृपा करून स्टार्टर मारण्याआधी करा.

३. पुढे निघून आला असाल, तर आत्ता थांबा

शिट्टी ऐकू आली नाही, गोंधळ झाला, घाबरलात, काहीही असो. उलट दिशेने परत येऊ नका आणि गल्लीबोळात शिरू नका. सुरक्षित जागी डावीकडे थांबून वाट पाहा किंवा ११२ ला कळवा. एवढ्यावर थांबलात तर प्रकरण बहुधा कलम १७९ पर्यंत राहतं, म्हणजे कायदेशीर सूचना न पाळल्याबद्दल २,००० रुपयांपर्यंत दंड. हे तडजोडीने मिटतं.

नाही थांबलात तर पुढचे टप्पे असे चढतात. सिग्नल तोडला, राँग साइडने घातली किंवा नियम मोडून ओव्हरटेक केलं, तर ती कलम १८४ ची धोकादायक ड्रायव्हिंग होते. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोबाइलवर बोलणं सोडलं तर १८४ चे गुन्हे पावतीने मिटत नाहीत. पोलिसांसमोर हा गुन्हा घडला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं. तिथे तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं, पुन्हा तसंच घडलं तर लायसन्स रद्दच. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवून घर चालवणाऱ्यासाठी हे तीन महिने कोणत्याही दंडापेक्षा महाग आहेत.

त्याच्या जोडीला भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता येते. कलम २८१, निष्काळजी वाहन चालवणे: सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम १२५, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे: कोणाला गंभीर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत. कलम १०६(१), निष्काळजीपणामुळे मृत्यू: पाच वर्षांपर्यंत.

बातम्यांत आपण ‘पोलिसाच्या अंगावर गाडी घातली’, ‘बोनेटवरून फरफटत नेलं’ असं वाचतो. तिथे गोष्ट वाहतुकीच्या नियमांची राहत नाही. न्याय संहितेचंच कलम १३२, लोकसेवकावर बळाचा वापर: दोन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. कलम १२१, कर्तव्यापासून रोखण्यासाठी इजा: पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा असल्यास एक ते दहा वर्षं. परिस्थिती तशी असेल तर कलम १०९, खुनाचा प्रयत्न: दहा वर्षांपर्यंत, इजा झालेली असल्यास जन्मठेपेपर्यंत. ‘मला फक्त निसटायचं होतं’ हा बचाव कोर्टात मांडता येतो, पण समोर माणूस दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबला की तो फार अवघड होतो. हवालदारही रात्रपाळी संपवून घरी जाणार असतो, हे त्या सेकंदाला आठवलं पाहिजे.

४. मागे बसला असाल तर

गाडीत असणं हा गुन्हा नाही. ‘पळव, पळव’ म्हणणं मात्र महागात पडू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ नुसार धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवायला चिथावणी देणाऱ्याला चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे. स्पष्ट शब्दांत ‘थांब’ म्हणा, आणि ऐकत नसेल तर ११२ ला फोन करा. मित्र रागावला तर रागावू दे.

५. घरी पोहोचला असाल तर

नंबर प्लेट कॅमेऱ्यात आलेली असते आणि मालकाचं नाव-पत्ता नोंदणीत असतो. चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं मालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे ‘गाडी माझी, पण मी नव्हतो’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही.

गाडी धुऊन काढणं, डेंट काढायला गॅरेजला देणं, फुटेज उडवणं, भावाला ‘मीच चालवत होतो’ म्हणायला लावणं, यातलं काहीही करू नका. पुरावा नष्ट करणं आणि गुन्हेगाराला आसरा देणं हे वेगळे गुन्हे आहेत आणि त्यात घरचे लोक ओढले जातात. जुलै २०२४ मध्ये मुंबईतल्या वरळीत कारच्या धडकेत स्कूटरवरच्या महिलेचा जीव गेला, त्यानंतर कार चालवणारा तरुण पळाला आणि दोन दिवसांनी पकडला गेला. मधल्या काळात पोलिसांनी त्याच्या वडिलांनाही अटक केली होती, आणि प्रकरणात न्याय संहितेचं सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावलं गेलं.

त्याच दिवशी वकिलाला गाठा. अटक, जामीन यांची प्रक्रिया ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस आली तर वेळेवर जा. नोटिशीप्रमाणे येणाऱ्याला त्या गुन्ह्यात सहसा अटक करता येत नाही, करायचीच असेल तर कारणं नोंदवावी लागतात. अजामीनपात्र कलम लागण्याची शक्यता असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० ला फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

६. अटक झाली तर

शांत राहा. अटकेचं कारण विचारा, ते सांगणं बंधनकारक आहे. तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला कळवलं गेलं पाहिजे आणि वकिलाला भेटू दिलं पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. मारहाण झाली असेल तर ती तिथेच, मॅजिस्ट्रेटपुढे तोंडाने सांगा, घाबरून गप्प बसू नका. स्वतःविरुद्ध कबुली देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. धक्काबुक्की मात्र अजिबात नको, कारण कायदेशीर अटकेला विरोध करणं हाही न्याय संहितेच्या कलम २६२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

स्पर्धा परीक्षेची किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी, परदेशी जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो आणि चारित्र्य पडताळणीत गुन्ह्याची नोंद निघते.

७. गाडी परत मिळवणं आणि विमा

मुद्देमाल म्हणून जमा झालेली गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवण्यासाठी मालकाने कोर्टात अर्ज करायचा. सोबत आरसी, विमा आणि ओळखपत्र लागतं. जप्त वाहनं पोलीस ठाण्यात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगितलं आहे, तेव्हा अर्ज लवकर करा. चालक नशेत असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते.

८. चालवणारा अल्पवयीन असेल तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्या नकळत किंवा आपण पूर्ण काळजी घेतलेली असताना हे घडलं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच असते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.