केटामिन थेरपी शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

दहा-दहा वर्षं प्रॅक्टिस झालेले, लायसन्सवाले थेरपिस्ट केटामिन असिस्टेड सायकोथेरपी (केटामिन या भुलीच्या औषधाचा डोस देऊन, त्याच्या आधी-नंतरच्या भेटींसकट केलेली थेरपी) शिकायला येतात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला आधीच्या बॅचच्याच चुका परत करतात. मला आता त्या तोंडपाठ झाल्यात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

औषध चढल्यावर बडबड करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. टॉक थेरपीत मुरलेल्या माणसाला शांतता सहन होत नाही, दोन मिनिटं गेली की हात शिवशिवतात, काहीतरी विचारावंसं वाटतं. आणि केटामिनच्या अंमलाखाली माणूस दुसऱ्याचं बोलणं फार पटकन उचलतो, तिथेच घोळ होतो.

एकदा मी कोपऱ्यात बसून एका ट्रेनीचं सेशन बघत होते (तपशील बदललेत). क्लायंट पन्नाशीचे गृहस्थ, डोळ्यांवर पट्टी, दंडात इंजेक्शन घेऊन वीसेक मिनिटं झालेली. ते पुटपुटले, "हिरवं पाणी... कुणीतरी उभंय." बस्स, एवढंच. आमच्या ट्रेनीबाई लगेच पुढे वाकून मऊ आवाजात, "आई आहे का?" मी डोळे वटारले पण शब्द निघून गेला होता. पुढच्या भेटीत ते गृहस्थ सांगतायत, आई पाण्यात उभी होती, तिने मला माफ केलं, आणि ढसाढसा रडतायत. ट्रेनी खूश. मी मात्र माझी वही उघडून बसलेली, त्यात वेळेसकट त्यांचे शब्द होते आणि आई कुठेच नव्हती. तिसऱ्या इंटिग्रेशनला (म्हणजे औषध उतरल्यावर, त्या अनुभवाचा अर्थ लावायच्या भेटीला) त्यांनीच विचारलं, "आई असं मी म्हणालो होतो की तुम्ही?" तिने खरं सांगितलं, त्याबद्दल तिला मी मानते. पण त्यानंतर त्यांना त्या सेशनमधलं काहीच स्वतःचं वाटेना, आणि ते निस्तरायला अजून चार भेटी गेल्या.

माझा उपाय शास्त्रशुद्ध वगैरे नाही. मी पेन दातात धरते. तोंड बंद राहतं. क्लायंट काही बोलला की पेन हातात, घड्याळातली वेळ आणि त्याचेच शब्द जसेच्या तसे, की पेन परत दातात. ट्रेनी हसतात, हसू देत. काय दिसलं, त्याचा अर्थ काय हे सगळं औषध उतरल्यावर, आणि तेही त्याने आधी सांगायचं.

याला अपवाद म्हणजे क्लायंट घाबरला तर. तेव्हा गप्प बसू नका, पण प्रश्नही विचारू नका. "हा औषधाचा परिणाम आहे, उतरेल, मी इथेच आहे" एवढंच, हळू, तेच तेच. हे वाक्य मी तयारीच्या भेटीत क्लायंटला आधीच ऐकवून ठेवते, म्हणजे तिकडे कुठे लांब गेलेला असला तरी ओळखीचं वाटतं.

"काहीच झालं नाही" ऐकलं की डोस वाढवायच्या गोष्टी

अहो, डोस तुम्ही ठरवत नाही, डॉक्टर ठरवतात! तुमचं काम आहे नीट चौकशी करून त्यांना कळवणं. जिभेखाली ठेवायची गोळी असेल तर आधी विचारा, गिळली कधी? कारण इंजेक्शनचं जवळपास सगळं औषध रक्तात पोचतं, जिभेखालून साधारण पाव भाग, आणि गिळलं तर त्याहून कमी, बाकीचं लिव्हरच संपवतं. मग विचारा, झोपेची किंवा घबराटीची गोळी चालू आहे का, कारण बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनी केटामिनचा परिणाम कमी होऊ शकतो. माझ्याकडच्या एका ट्रेनीने यातलं काहीच न विचारता क्लायंटला सांगून टाकलं की पुढच्या वेळी जास्त देऊ. नंतर कळलं की त्या बाईंनी गोळी कडू लागली म्हणून दोन मिनिटांत गिळली होती. घाई करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो, वाढवलेल्या डोसला बीपी किती चढलं असतं याचा विचार केला होता का? केटामिनने बीपी वाढतंच, म्हणून आधी मोजायचं, मध्ये मोजायचं, आणि आकडा जास्त असेल तर सेशन पुढे ढकलायचं. क्लायंट हिरमुसला तरी.

स्पर्शाची परवानगी ऐनवेळी मागणं

आधी "हात धरू नका" म्हणालेला माणूस औषध चढल्यावर "हात धरा" म्हणतो आणि ट्रेनीला वाटतं वा, परवानगी मिळाली. नाही मिळाली. शुद्धीत ठरलं त्यापेक्षा कमी चालेल, जास्त नाही, हा माझा नियम. मग त्या क्षणी करायचं काय, तर मी उशी देते आणि "हे आपण नंतर बोलू" म्हणते. कोरडं वाटतं ते, मान्य. पण दुसऱ्या दिवशी एक क्लायंट म्हणाला होता, "बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत."

मान्यतेबद्दल गोलमाल बोलणं

कन्सेंट घेताना "डिप्रेशनसाठी मान्यता असलेलं औषध" असं सर्रास म्हणतात. अमेरिकेत केटामिनला १९७० साली मान्यता मिळाली ती भुलीसाठी. डिप्रेशनसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली ती एस्केटामिनच्या (केटामिनचंच एक रूप) नाकातल्या स्प्रेला, तेही डोसनंतर किमान दोन तास देखरेखीच्या अटीवर. साध्या केटामिनचा डिप्रेशनसाठी वापर ऑफ-लेबल, म्हणजे मान्यतेत नसलेल्या कारणासाठी आहे, तसं स्पष्ट सांगा, क्लायंट पळून जात नाही.

इंटिग्रेशन "पुढच्या आठवड्यात बघू"

एका डोसचा परिणाम अनेकदा दिवसाभरात जाणवतो आणि एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि तुम्ही अपॉइंटमेंट देताय दहा दिवसांनी? मी डोस ठरला की दुसऱ्या दिवशीची वेळ आधी लिहून घेते, मगच डोसची तारीख पक्की करते.

बाकी किरकोळ. गाण्यात शब्द नकोत, विशेषतः क्लायंटला कळतील असे. फोन सायलेंट नाही, बंद. पोट भरून आलेल्याला मळमळतं, उलटीसाठी भांडं हाताशी ठेवा. आधी कधी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालंय का, हे फॉर्मवर टिक करून घेऊ नका, तोंडाने विचारा. आणि क्लायंटला गाडीची चावी परत देऊ नका, रात्रभर झोप होऊन दुसरा दिवस उजाडल्याशिवाय ड्रायव्हिंग नाही. "मी एकदम ठीक आहे" असं म्हणत एकजण चप्पल उलटी घालून दारापर्यंत गेला होता, चावी माझ्या खिशात होती म्हणून बरं.