घन फंक्शन खऱ्या कामात कसं वापरायचं: पत्र्याचा ट्रे अन् भुसावळचं ऊन

भाच्याला अकरावीत प्रोजेक्ट आलाय, घन बहुपदी (ज्यात क्ष चा सगळ्यात मोठा घातांक ३) व्यवहारात दाखवा म्हणून. पठ्ठ्याने नेटवरून रोलर कोस्टर उचललं. म्हटलं अरे भुसावळात कुठं आलं रोलर कोस्टर, चल शेतावर, कोंबड्यांना पाणी ठेवायला पत्र्याचा ट्रे करायचाच आहे.

तर ६० बाय ६० सेंटीमीटरचा पत्रा घ्या, चारी कोपऱ्यांतून क्ष सेंटीमीटरचे चौकोन कापा अन् कडा वर वळवा. उंची क्ष, लांबी-रुंदी दोन्ही ६० − २क्ष, म्हणजे घनफळ = क्ष(६० − २क्ष)². एकाच क्ष वर तीन मापं अशी साध्या क्ष नेच (क्ष² वगैरे नाही) अवलंबून अन् तिन्हींचा गुणाकार, असं कुठंही दिसलं की समजा घन आलं.

आता किंमती टाका. ०, ५, १०, १५, २०, २५, ३० ला घनफळ येतं ०, १२५००, १६०००, १३५००, ८०००, २५००, ०. शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा, त्या वजाबाक्यांची परत वजाबाकी, मग अजून एकदा, तिसऱ्या वेळी सगळीकडे ३००० च येतात, करून बघाच, मजा येते. तिसरा फरक सारखा आला तर डेटा घनच. त्या ३००० ला ६ × ५³ म्हणजे ७५० ने भागलं की ४, हाच क्ष³ चा सहगुणक, म्हणजे क्ष³ ला गुणणारा आकडा (५ का, तर आपण ५-५ ची पायरी घेतली म्हणून).

सगळ्यात जास्त पाणी क्ष = १० ला, १६००० घन सेंटीमीटर म्हणजे १६ लिटर. अन् कात्री जरा सरकली तर? ९ ला १५८७६, ११ ला १५८८४, म्हणजे सव्वाशे मिलीचाच फरक, शिखराजवळ आलेख सपाट असतो ना. पण फॉर्म्युल्यात ४० टाकलं तरी १६००० च येतं! ६० च्या पत्र्यातून दोन्हीकडून ४० कसे कापणार बाबा? म्हणून क्ष ० ते ३० च्या मधेच, हे आधी लिहून ठेवायचं, पोरं नेमकं हेच विसरतात.

साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांचं पण तसंच, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती ८ पट, पण चक्की ठराविक वेगानंतर तेवढीच वीज देते, तिथं घन संपलं.

फॉर्म्युला नसून नुसत्या नोंदी असतील तर चार पुरतात. समजा मे महिन्यात सकाळी ६ ला २८ डिग्री, १० ला ३६, दुपारी २ ला ४४, संध्याकाळी ६ ला ४०. फरक ८, ८, −४, मग ०, −१२, शेवटी −१२. या चार नोंदींतून जाणाऱ्या घन आलेखावर दुपारी १२ चं ४०.७५ येतं, पटण्यासारखं आहे. पण तोच −१२ धरून पुढे गेलात तर रात्री १० ला १२ डिग्री अन् पहाटे २ ला उणे ५२! इथं आम्ही गच्चीवर पाणी मारून झोपतोय. चार बिंदूंतून घन आलेख बहुतेक वेळा जातोच, तो काही पुरावा नाही, पाचवी नोंद घेऊन ताडून बघायची. अन् रात्रीचं तापमान हवं असेल तर सरळ उठून थर्मामीटर बघा.