३१२ प्रतिसाद, वाचला एकही नाही

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून काम करतो. फोनचा हॉटस्पॉट आणि लोडशेडिंगच्या वेळा, दोन्ही सांभाळत. एजंट म्हणजे एआय मॉडेल स्वतः पावलं ठरवून काम करतं तो प्रोग्राम, टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेलं फंक्शन, आणि एमसीपी म्हणजे मॉडेलला अशी टूल्स जोडायची, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली पद्धत. मला बोलायचं आहे ते टूलच्या वर्णनातल्या एका आखूड वाक्याबद्दल. त्यानं माझं पहिलं काम घालवलं.

काम सोपं होतं. एका डेटाबेसबद्दल हॅकर न्यूज या तंत्रज्ञानावरच्या चर्चांच्या संकेतस्थळावर लोक काय म्हणतात, ते एजंटनं वाचून गोषवारा द्यायचा. मी दोन टूल्स केली: एक शोधायला, एक धागा, म्हणजे एका पोस्टखालची सगळी चर्चा, उघडायला. पहिल्याचं वर्णन लिहिलं, "विषयावरच्या चर्चा आणतं." गोषवारा झकास आला. बहुतेकांना वेग आवडला, काहींना बॅकअपची काळजी वाटते, ३१२ जणांनी मत दिलं. दिला पाठवून. दुसऱ्या दिवशी ग्राहकानं विचारलं, बॅकअपचं कोण म्हणालं? मी सगळा धागा चाळला. कोणीच नाही.

लॉगमध्ये, म्हणजे एजंटच्या कामाच्या नोंदीत, दिसलं की एजंटनं दुसरं टूल वापरलंच नव्हतं. पहिल्यातून येत होतं शीर्षक, दुवा, गुण आणि प्रतिसादांचा आकडा. बाकी सगळं त्यानं शीर्षकावरून रचलं. आणि ३१२ हे प्रतिसाद होते, माणसं नव्हती!

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी बेफिकीर नव्हतो. "इथं फक्त शीर्षकं येतात" असं मी लिहिलं होतं, पण कोडमध्ये, हॅशची (#) खूण करून, म्हणजे प्रोग्राम सोडून देतो अशी टीप म्हणून. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यापुढं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा आराखडा (टूलला कोणती माहिती द्यायची ते) एवढंच जातं. पायथन भाषेच्या एमसीपी एसडीकेत (तयार कोडच्या संचात) फंक्शनची डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला अवतरणात लिहिलेली माहिती, वर्णन म्हणून जाते, हॅशच्या पुढचं काहीच जात नाही. म्हणजे ती सूचना मी मलाच दिली होती.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कृषी केंद्रात पोट्टा धाडला अन् नुसतं अळीचं औषध आण म्हटलं, तर दुकानदार देईन तेच तो आणते. कोणती अळी, किती पंप मारायचे, सारं सांगा लागते बाप्पा. अन् नाही भेटलं तर तसाच वापस ये, हेही सांगा लागते."

आता तेच वर्णन मी असं लिहितो: "हॅकर न्यूजवरच्या पोस्ट शब्दावरून शोधतं. शीर्षक, क्रमांक, गुण, प्रतिसादांची संख्या आणि तारीख देतं. प्रतिसादांचा मजकूर देत नाही. लोकांचं मत सांगायचं असेल तर आधी तो क्रमांक देऊन धागा उघडायचं टूल वापरा. यादी रिकामी आली म्हणजे चर्चा झालीच नाही असं नव्हे, शब्द बदलून पाहा." लांब झालं? होऊ द्या. पण पानभर नको. हे वर्णन मॉडेलला दर वेळी वाचावं लागतं.

धाग्यातही मेख आहे. हॅकर न्यूजच्या अधिकृत एपीआयमध्ये (प्रोग्रामला माहिती मागायच्या सोयीत) 'किड्स' या खान्यात थेट उत्तरांचे फक्त क्रमांक असतात. मजकूर एकेक करून मागायचा, मग त्या उत्तरांची उत्तरं. मी ३० वर थांबतो, आणि "३१२ पैकी ३० आणले" हे निकालातच छापतो. वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत, असते, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत "आजच्या चर्चा" मागितल्या तर तिकडं अजून कालचाच दिवस चालू असतो.

वर्णन मॉडेलकडूनच लिहून घ्यायचा शॉर्टकट मला आवडत नाही. मी करून पाहिलं. माझ्या फंक्शनचं नावच खोटं होतं, त्यानं तेच खोटं चांगल्या इंग्रजीत मांडलं. शहरातल्या ज्या कोर्सला मी पैसे भरले, तिथं तीन महिन्यांत वर्णनावर एक तासही नाही. सगळा वेळ फ्रेमवर्क, म्हणजे एजंट बांधायचे तयार सांगाडे. त्यापेक्षा पुसदच्या एका ताईनं फोनवर दहा मिनिटांत शिकवलं: कोड झाक, नुसतं वर्णन वाच आणि काय परत येईल ते कागदावर लिही. मग टूल चालव. जुळलं नाही तर वर्णन चुकलं, मॉडेल नाही.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, माझंही कच्चंच आहे. आखूड वाक्यं इथं चालतात. पण टूल काय देत नाही, हे न लिहिता काम पाठवाल तर फजिती ठरलेली, आणि ती नेमकी ग्राहकासमोर होते.

मागच्या आठवड्यात तोच प्रश्न एजंटला पुन्हा विचारला. उत्तर आलं, "३१२ पैकी ३० प्रतिसाद वाचले. त्यांत बॅकअपचा उल्लेख नाही." दिसायला अगदीच सुमार. जुन्या ग्राहकाला पाठवावंसं वाटलं, नंबरही काढला. मग राहू दिलं.