इंग्रजीतील 'द' कोठे लावावा आणि कोठे टाळावा

मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इंग्रजी बोलू लागला की वारंवार एकाच शब्दापाशी अडतो, आणि तो शब्द म्हणजे इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा 'द'. व्याकरणाचे नियम पाठ असूनही ऐन वेळी तो निसटतो किंवा नको तेथे येऊन बसतो, कारण आपण नुसत्या नामाकडे पाहतो आणि ऐकणाऱ्याचा विचार करत नाही. कोणत्या वस्तूविषयी बोलणे चालू आहे हे ऐकणाऱ्याला नेमके कळणार असेल, तर 'द' लावावा.

मराठीत असे उपपद नसले तरी ही जाण आपल्याला परकी नाही. 'मी म्हैस शोधतोय' असे कोणी म्हणाले, तर त्याला म्हैस विकत घ्यायची असावी असे आपण समजतो. 'मी म्हशीला शोधतोय' म्हटले, की त्याची स्वतःची म्हैस दावे तोडून गेली असणार, हे न सांगता कळते. इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'अ बफेलो' येईल आणि दुसऱ्यात 'द बफेलो'.

वस्तूचा उल्लेख आधी झाला असेल तर 'द' येतो, हे शाळेत शिकवतात. पण उल्लेख न होताही ती ओळखू येऊ शकते. 'वी टुक अ रिक्षा टू रंकाळा. द ड्रायव्हर न्यू अ शॉर्टकट.' येथे ड्रायव्हर प्रथमच आला, तरी तो त्याच रिक्षाचा हे उघड आहे, म्हणून 'द'. जिल्ह्याला कलेक्टर एकच असतो, म्हणून कोल्हापुरात बसून बोलताना 'द कलेक्टर' एवढे पुरते. 'द सन', 'द मून' यांमागेही हेच कारण आहे.

सर्वाधिक चुका होतात त्या सर्वसाधारण विधानांत, म्हणून येथे थोडे थांबावे. गूळ हा पदार्थ कशापासून होतो हे सांगायचे असेल, तर 'जॅगरी इज मेड फ्रॉम शुगरकेन ज्यूस' असे म्हणावे. येथे विशिष्ट गूळ मनात नसल्याने 'द' लावणे चूक ठरेल. काल आणलेल्या ढेपेविषयी बोलायचे असेल, तर 'द जॅगरी वी बॉट यस्टरडे इज टू सॉफ्ट' हेच बरोबर. 'आय लाइक कोल्हापुरी जॅगरी' यात 'द' नाही, पण 'द जॅगरी ऑफ कोल्हापूर इज फेमस' यात आहे, कारण 'ऑफ कोल्हापूर' या शब्दांनी कोणता गूळ ते बांधून दिले. 'लाइफ', 'एज्युकेशन', 'ऑनेस्टी' अशा भाववाचक नामांनाही हाच न्याय लागतो. 'द लाइफ इज डिफिकल्ट' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते.

विशेषनामांना 'द' नसतो हा नियम अर्धाच खरा आहे. 'कोल्हापूर', 'पन्हाळा', 'रंकाळा लेक' आणि 'महाद्वार रोड' यांना तो लागत नाही. मात्र नद्या, समुद्र आणि डोंगररांगा यांना लागतो, म्हणून 'द पंचगंगा मीट्स द कृष्णा अ‍ॅट नृसिंहवाडी' असे लिहावे. 'शिवाजी युनिव्हर्सिटी' आणि 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' ही जोडी लक्षात ठेवली, की 'ऑफ' असलेल्या संस्थांच्या नावांचा प्रश्न बहुतांशी सुटतो. रेल्वेगाडीच्या नावाआधीही 'द' येतो: 'द महालक्ष्मी एक्सप्रेस'.

मूल शिकण्यासाठी जाते तेव्हा 'गो टू स्कूल', आणि आई फी भरायला त्या इमारतीत जाते तेव्हा 'गो टू द स्कूल'. भाषेच्या नावाला 'द' नको, पण पुढे 'लँग्वेज' आले तर हवा: 'मराठी', 'द मराठी लँग्वेज'.

उच्चार पुढच्या ध्वनीवरून ठरतो, अक्षरावरून ठरत नाही. स्वरध्वनीपूर्वी 'दी', व्यंजनध्वनीपूर्वी 'द'. त्यामुळे 'दी एसटी स्टँड', 'दी आवर', पण 'द युनिव्हर्सिटी'.

सरावासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातील एक छोटा परिच्छेद 'द' गाळून वहीत उतरवावा आणि दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता तो भरावा. प्रत्येक 'द' जवळ, ती वस्तू वाचकाला कशावरून ओळखू आली, हे मराठीत दोन शब्दांत लिहावे. जेथे कारण सुचत नाही तेथे 'द' खोडून मगच मूळ मजकुराशी ताडून पाहावे.