चित्रातले तास का सरकत होते?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी दर तासाला इंटरनेटवरून घेऊन ती कागदावर रेखाटणारे यंत्र मी घरी तयार केले. ईएसपी-३२ हा वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक बोर्ड आकडा घेतो, २८बीवायजे-४८ ही ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर कागदाची तबकडी फिरवते आणि पाणी चढेल तसे पेन केंद्रापासून दूर जाते. दिवसाला एक फेरा व्हावा आणि रोजची पहाट एकाच रेषेवर यावी, अशी रचना होती. मात्र दहा दिवसांत ती रेष सुमारे १८ अंश पुढे सरकली.

प्रथम मी तबकडी घसरते असे समजून पट्टा आवळला आणि दोन दिवस वाया घालवले. शेवटी मोटर उघडून आतल्या दंतचक्रांचे दाते मोजले. जोड्या ३२/९, २२/११, २६/९ आणि ३१/१० अशा निघाल्या, म्हणजे वेग कमी करण्याचे एकूण गुणोत्तर सर्वत्र लिहिले जाते तसे ६४ नव्हे, तर ६३.६८४ आहे. अर्ध्या पावलांच्या पद्धतीत, म्हणजे प्रत्येक पाऊल दोन भागांत टाकताना, पूर्ण फेऱ्याला ४०९६ नव्हे, ४०७५.७७ पावले लागतात. त्यामुळे ४०९६ धरून चालवलेली माझी तबकडी रोज वीस पावले जास्त फिरत होती.

आता तासाची १६९.८२ पावले धरतो आणि उरलेला अपूर्णांक टाकून न देता पुढच्या तासात मिळवतो. ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी ही दोन वर्तुळे मी आधीच फिकट आखून ठेवली आहेत. २०१९ चा पूर पाहिलेल्या आमच्या घरात चित्राकडे पाहताना नजर आधी तिथेच जाते.