चौघं आणि तीन बर्गर

नवं बर्गरचं हॉटेल पारखायला चौघं गेलात तर आधी तीनच बर्गर मागवा: एक साधा, एक त्यांचा गाजलेला, एक व्हेज. साध्यात लपवायला जागाच नसते; पॅटी कोरडी की रसाळ, तिथेच कळतं. प्रत्येकाचे चार तुकडे किचनमधूनच करून घ्या, व्हेजसाठी सुरी वेगळी. टेबलावर बोथट सुरीने कापलंत की पाव चेपतो आणि पॅटी मागून निसटते. सॉस बाजूला मागा. खालचा पाव उचलून बघा: आतून भाजलेला नसेल तर रस शोषून पाच मिनिटांत लगदा. फोटो एकच काढा, फ्राइज थांबत नाहीत! बिलातला जीएसटी भरावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक, नको तर काढायला लावा.