प्लेलिस्ट गायब झाली? ॲप काढून टाकण्याआधी या चुका टाळा

गाण्यांच्या ॲपमधली प्लेलिस्ट, म्हणजे तुम्ही जमवलेली गाण्यांची यादी, दिसेनाशी झाली की बहुतेक जण आधी ॲप काढून टाकतात आणि परत घेतात. चुकांची सुरुवात इथूनच होते. प्लेलिस्ट तुमच्या फोनमध्ये नसतेच. ती कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्याला बांधलेली असते, आणि तीसुद्धा नुसती यादी: कुठलं गाणं, कुठल्या अल्बममधलं, कितव्या नंबरावर. फोनमध्ये असतात ती फक्त डाउनलोड केलेली गाणी. ॲप काढलं की नेमकी तीच पुसली जातात, आणि मूळ अडचण जिथल्या तिथे राहते. मग रात्रभर वायफायवर सगळं पुन्हा उतरवत बसा.

ग्वाल्हेरात, विशेषतः शहराच्या लश्कर या भागातल्या मराठी घरांत, ही तक्रार जरा जास्तच ऐकू येते. इथे यादी म्हणजे चार सिनेमाची गाणी नसतात. सकाळचे अभंग, नाट्यगीतं, गणपतीच्या आरत्या आणि ग्वाल्हेर घराण्याची शास्त्रीय गायकी असं सगळं वर्षानुवर्षं जमवलेलं असतं. ते गेलं असं वाटलं की माणूस घाबरतो, आणि घाबरून दिसेल ते बटण दाबतो.

आधी खातं बघा

गायब झालेल्या प्लेलिस्टचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही दुसऱ्याच खात्यात शिरलेले असता. एकाच ॲपमध्ये मोबाइल नंबरने, गूगलने, फेसबुकने किंवा ईमेल-पासवर्डने लॉगिन करता येतं, आणि यातली प्रत्येक वाट वेगळं खातं उघडू शकते. महाराज बाड्याच्या बाजारात नवा फोन घेतला, दुकानातल्या पोराने तिथल्या तिथे सगळं ‘चालू करून’ दिलं, घरी येऊन बघता तर ॲप कोरं. त्या पोराने नव्या सिमच्या नंबरवर नवं खातं उघडलेलं असतं. जुनं खातं आणि त्यातली यादी दोन्ही शाबूत असतात, फक्त तुम्ही शेजारच्या घराचं दार उघडून ‘आमचं सामान कुठाय’ असं विचारत असता.

तपासायचं कसं? ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खात्याचं नाव, ईमेल आणि प्लॅन बघा. पैसे भरूनही प्लॅन ‘फ्री’ दिसत असेल तर खातं चुकलं, हे जवळजवळ नक्की समजा. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा वर्गणी भरू नका. आधी बँकेचे मेसेज किंवा यूपीआयचं ऑटोपे बघा, जुन्या खात्याची रक्कम दर महिन्याला जातच असेल. ईमेलमध्ये ॲपचं नाव शोधलं की जुनी पावती सापडते आणि ती कुठल्या पत्त्यावर आली तेही कळतं. जुना फोन अजून घरात असेल तर त्यातून लॉगआउट करू नका. खात्याचं नाव बघायला तोच साक्षीदार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे एकच खातं सगळ्या घरात फिरतं. मुलगा पुण्याला, आईबाबा जनकगंजात. वैयक्तिक प्लॅनवर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं, त्यामुळे तिकडे मुलाने गाणं लावलं की इकडे बाबांचा भैरव राग मध्येच थांबतो. बाबांना वाटतं नेट गेलं. शिवाय मुलगा ‘नको असलेल्या’ प्लेलिस्टा साफ करतो आणि त्यात आईची एकादशीची यादीही जाते. यावर फॅमिली प्लॅन घेणं किंवा आईबाबांना वेगळं खातं काढून देणं हाच खरा उपाय. आपण काहीच केलं नसताना अनोळखी गाणी ‘नुकतीच ऐकलेली’ म्हणून दिसत असतील, तर ‘सगळीकडून लॉगआउट’ हा पर्याय वापरून पासवर्ड बदला.

प्लेलिस्ट खरोखरच डिलीट झाली असेल तरी लगेच हात टेकू नका. स्पॉटिफायवर डिलीट केलेली प्लेलिस्ट ९० दिवसांपर्यंत परत आणता येते, पण ती सोय ॲपमध्ये शोधू नका. ब्राउझरमधून त्यांच्या वेबसाइटवर लॉगिन करून खात्याच्या पानावर जावं लागतं. अशी सोय प्रत्येक ॲपमध्ये असेलच असं धरून चालू नका.

फिकट झालेली गाणी

यादी आहे, पण मधली काही नावं करडी पडलीत, दाबली तरी वाजत नाहीत. लोक इथेही फोनला, नेटला नाहीतर ॲपला दोष देतात. कारण बहुधा कागदोपत्री असतं. ॲपकडे गाणी मालकीची नसतात, ती कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेली असतात. करार संपला की गाणं उतरतं. स्पॉटिफाय २०१९च्या फेब्रुवारीत भारतात आलं आणि त्याच वर्षी सारेगामा या संगीत कंपनीशी वाद होऊन त्यांची गाणी तिथून निघाली. करार झाला तो २०२०मध्ये. जुन्या एचएमव्हीचा खजिना सारेगामाकडेच असल्याने मराठी भावगीतं आणि नाट्यगीतं ऐकणाऱ्यांना त्याचा फटका बसला. २०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणीही तशीच उतरली होती.

म्हणून करडं गाणं दिसलं की ते लगेच काढून टाकू नका. हक्क परत आले की ते बऱ्याचदा आपोआप वाजायला लागतं. तोवर तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या अल्बममध्ये शोधा. जुनं एकेक नाट्यगीत पाच-सहा संकलनांत असतं, त्यातलं एखादं चालू सापडतं. कधीकधी कंपनी अल्बम नव्याने टाकते, तेव्हा गाणं ॲपवर असूनही तुमच्या यादीतला जुना दुवा मेलेला असतो.

एक छुपी भानगडही आहे. न वाजणारी गाणी लपवण्याचं सेटिंग चालू असेल तर ती करडीसुद्धा दिसत नाहीत, थेट नाहीशी होतात. गाणी कमी झाल्यासारखी वाटली तर आधी हे बघा. आणि हक्क देशागणिक वेगळे असतात. तुमची यादी अमेरिकेतल्या लेकीला पाठवलीत आणि तिला त्यातली निम्मीच वाजली, तर दोष तुमचाही नाही आणि तिचाही नाही.

क्रम बिघडला की गाणं बिघडलं

सिनेमाची गाणी उलटसुलट वाजली तरी चालतं. ग्वाल्हेर गायकी ऐकणाऱ्याला ते चालत नाही. आधी संथ लयीचा विलंबित ख्याल, मग जलद लयीचा द्रुत, मग तराणा किंवा टप्पा हे गानप्रकार, ही एक मैफल असते आणि ॲप तिचे तीन वेगळे ट्रॅक करून ठेवतं. त्यावर शफल, म्हणजे गाणी उलटसुलट लावणारी सोय, चालू असेल तर द्रुत आधी वाजतो, पाठोपाठ भलत्याच रागाचा तराणा येतो, आणि विलंबित उगवतो तासाभराने. ‘ॲप रागाचा खून करतं’ असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना मी एवढंच सुचवते की खाली ते एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांचं चिन्ह रंगीत दिसतंय का, ते बघा. रंगीत असेल तर दाबून बंद करा. काही ॲपमध्ये त्याच बटणात ‘स्मार्ट शफल’ दडलेलं असतं. ते तुमच्या यादीत नसलेली गाणी स्वतःच्या मनाने मध्ये घुसवतं. ‘मी हे कधी घातलं?’ असा प्रश्न पडला की संशय त्याच्यावर घ्या. फुकट प्लॅनवर मात्र मोबाइलवर हवं ते गाणं हव्या त्या क्रमाने लावण्यावर बंधनं असू शकतात. तिथे सेटिंग शोधून उपयोग नाही.

शफल बंद करूनही क्रम चुकत असेल तर यादीची मांडणी कशी लावली आहे ते पाहा. नावाप्रमाणे, कलाकाराप्रमाणे, घातलेल्या तारखेप्रमाणे असे पर्याय असतात. चुकून ‘नावाप्रमाणे’ झालं की तुम्ही हाताने लावलेला क्रम मोडल्यासारखा दिसतो, पण तो पुसलेला नसतो. ‘स्वतःचा क्रम’ निवडला की परत येतो. हे माहीत नसल्यामुळे लोक अख्खी यादी नव्याने ओढून लावत बसतात.

आता क्रॉसफेड. पार्टीसाठी बनवलेली ही सोय एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात घालते. स्पॉटिफायवर ती १२ सेकंदांपर्यंत वाढवता येते. शास्त्रीय संगीतात त्या १२ सेकंदांत शेवटची तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) आणि सम (तालाची पहिली मात्रा) असते, आणि पुढच्या ट्रॅकचे पहिले तंबोऱ्याचे सूर असतात. दोन्ही एकमेकांवर चढले की कान विटतो. क्रॉसफेड शून्यावर आणा आणि ‘गॅपलेस’ चालू ठेवा, म्हणजे लाइव्ह मैफलीचे तुकडे सलग वाजतील.

ऑटोप्ले हे आणखी एक. तुमची यादी संपली की ॲप ‘साधारण असंच’ काहीतरी लावत राहतं. रात्री भजनं लावून झोपलात आणि पहाटे कानावर लग्नातला डीजे आला, तर करणी याची. बंद करून टाका.

शोधतानाची चूक मात्र ॲपची आणि आपली, दोघांची. ग्वाल्हेर घराण्याचे गायक पंडित कृष्णराव शंकर पंडितांचं नाव रोमन लिपीत कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, कुणी ‘पंडित’ आधी लावतं. एका नावाने शोधून दोनच ध्वनिमुद्रणं मिळाली म्हणून थांबू नका, दोन-तीन प्रकारे लिहून बघा. रागांच्या नावांचीही तीच गत. भीमपलासीची स्पेलिंगं मोजायला बसू नये. मग त्याच घराण्याचे शरच्चंद्र आरोलकर किंवा मालिनी राजूरकर शोधताना भलत्याच कुणाचा तरी यमन यादीत शिरतो, कारण ट्रॅकचं नाव नुसतं ‘यमन – विलंबित’ असतं. घालण्याआधी लांबी बघायची सवय लावा. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बसणारा ख्याल म्हणजे जुनं तबकडीचं मुद्रण. वीस-पंचवीस मिनिटांचा असेल तर तो एलपीवरचा (जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीवरचा), आकाशवाणीवरचा किंवा मैफलीतला. डिसेंबरात ग्वाल्हेरचा तानसेन समारोह हा संगीत महोत्सव ऐकून आल्यावर उत्साहाने याद्या वाढतात, तेव्हा ही सवय फार उपयोगी पडते.

दुसऱ्याची यादी म्हणजे आपली नव्हे

‘सेव्ह’ केलेली प्लेलिस्ट तुमची होत नाही. बनवणाऱ्याने एखादं गाणं काढलं की तुमच्याकडूनही जातं. ॲपच्या संपादकांनी बनवलेल्या याद्या तर वरचेवर बदलतात. आवडलेली यादी टिकवायची असेल तर स्वतःची नवी प्लेलिस्ट काढून त्यातली सगळी गाणी तिच्यात घाला. मंडळाच्या किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यांना बदल करता येईल अशी यादी फिरत असेल तर गणपतीआधी ती कुलूपबंद करा, म्हणजे सहभागाची परवानगी काढून घ्या. नाहीतर मंत्रपुष्पांजलीच्या आधी कुणा भाच्याने घातलेला रिमिक्स वाजतो, आणि हातात फुलं घेऊन उभी असलेली आत्या ज्याच्याकडे बघते तो भाचा नसतो, तुम्ही असता.

प्रवासात ऐनवेळी

झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने पुण्याला निघालात, भोपाळ सोडून बुधनीच्या घाटात नेटवर्क गेलं, आणि डाउनलोड केलेली गाणीही वाजेनात. डाउनलोड म्हणजे कायमची मालकी नव्हे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक दोन्हीकडे ३० दिवसांतून एकदा तरी ॲप नेटला जोडावं लागतं, नाहीतर डाउनलोड वाजत नाहीत. स्पॉटिफायवर पाचपेक्षा जास्त फोन-टॅबलेटवर डाउनलोड केलं की जुन्या एखाद्या उपकरणावरचे डाउनलोड निघून जातात. वर्गणी संपली तर सगळेच. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाकून यादीतली दोन-तीन गाणी वाजवून बघा. डाउनलोड अर्ध्यावर अडकत असेल तर तीन जागा तपासा: ‘फक्त वायफायवर’ हे सेटिंग, फोनची बॅटरी बचत, आणि उरलेली जागा. मेमरी कार्डावर गाणी ठेवली असतील आणि कार्ड सैल असेल तर ती आज दिसतील आणि उद्या नाहीत.

ॲप बदलताना

गूगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस बंद झालं, रेसो २०२४च्या जानेवारीत भारतातून गेलं, आणि विंक म्युझिकही त्याच वर्षी आवरलं. असं होतं तेव्हा काही आठवड्यांची मुदत मिळते आणि लोक ती वाया घालवतात. साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिकसारख्या सेवा एका ॲपमधली यादी दुसऱ्यात नेऊन देतात. पण त्या नावावरून जुळणी करतात. सिनेगीतं बरोबर जातात, ख्याल मात्र दुसऱ्याच गायकाचा येऊन बसतो. शास्त्रीय यादी हलवल्यावर एकेक ट्रॅक गायक आणि लांबी बघून तपासा, आणि ते होईपर्यंत जुनं खातं बंद करू नका. एका यादीला मर्यादाही असते: स्पॉटिफायवर १०,००० गाणी, यूट्यूब म्युझिकवर ५,०००. आयुष्यभराचं सगळं एकाच यादीत कोंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ॲप अडकलंय, आता काय?

खातं बरोबर आहे, गाणी करडी नाहीत, तरी यादी उघडत नाही किंवा नवं गाणं घातलेलं दिसत नाही, तर क्रम असा ठेवा. ॲप पूर्ण बंद करून उघडा. अपडेट आहे का बघा. मग अँड्रॉइडच्या सेटिंगमधून त्या ॲपचा ‘कॅशे’ साफ करा. शेजारीच ‘डेटा’ साफ करण्याचं बटण असतं, ते दाबू नका. कॅशेने फक्त तात्पुरतं साठवलेलं जातं, डेटाने लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही जातात. त्याच खात्याने संगणकावरच्या ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा. तिथे यादी नीट दिसली तर बिघाड फोनमध्ये आहे, आणि ॲप काढून परत घ्यायची वेळ आता आली. तिथेही बिघडलेलीच दिसली तर कंपनीच्या मदत विभागाला लिहा. सोबत खात्याचं नाव, प्लेलिस्टची लिंक आणि स्क्रीनशॉट द्या. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा ‘कस्टमर केअर’ इंटरनेटवर शोधून सापडला असेल तर फोन ठेवून द्या. मदत ॲपच्या आतल्या ‘हेल्प’ पानावरूनच मागा.